विमानाची तीन ताटं

"जुनं द्या, नवं घ्या! फुटकं द्या, चकचकीत घ्या! चला मावशी, चला आक्का, बंकटचा टेम्पो आला!"

टेम्पोवरचा कर्णा एवढ्या जोरात खेकसला, की विहिरीवर पोहायला निघालेली चौघंजण हिवरटाकळीच्या वेशीतच थांबली. मे महिन्याचं ऊन डोक्यावर, टॉवेल खांद्यावर, आणि विहीर अजून अर्धा किलोमीटर लांब!

"चला ना! टेम्पोत काय बघता?" शिवकन्या ओरडली. चौघांची पुढारी तीच. गावाचे माजी सरपंच विजयसिंह आबा तिचे आजोबा. हुकूम सोडायची सवय घरातूनच लागलेली.

"ताई, थांब की! कुकर वाटायलाय तो!" तिचा दहा वर्षांचा भाऊ अभिमन्यू शेंगदाणे चघळत म्हणाला. हा अभिमन्यू कधी काही चघळत नसेल, तर तो आजारी आहे असं समजावं!

"फुकटात कोण कुकर वाटतंय बे?" तौसीफ हसला. फाट्यावर गॅरेज चालवणाऱ्या इरशाद मेकॅनिकचा हा मुलगा. त्याच्याशेजारी त्याची आतेबहीण समिना होती. बीडच्या उर्दू शाळेत शिकणारी, सुटीला आलेली. बोलायला लागली की ब्रेक फेल!

चौघं टेम्पोजवळ सरकली. तुळजाबाईंनी धडधाकट पितळी घागर दिली, तर बंकटनं नाक मुरडून त्यांच्या हातावर दोन वाट्या टेकवल्या. त्यांच्यामागून वत्सलाबाई आल्या. गावच्या लग्नाच्या भांड्यांच्या खोलीची किल्ली त्यांच्याकडं असते. ज्याच्या घरी लग्न, त्यानं त्या खोलीतली भांडी न्यायची आणि घासून परत आणून ठेवायची, ही गावाची जुनी पद्धत. वत्सलाबाईंनी त्या खोलीतलं एक काळंकुट्ट, पोचे पडलेलं ताट आणलं होतं.

बंकटनं ताट उलटं केलं. बुडावरून अंगठा फिरवला. त्याचे डोळे लकाकले!

"हे घ्या आक्का, पाच लिटरचा कुकर!"

"अगं बाई! ह्या काळ्या ताटाला?" वत्सलाबाईंचा स्वतःच्या कानांवर विश्वास बसेना. पण विचार करत बसल्या तर कुकर जायचा! त्या पदराखाली कुकर झाकून लगबगीनं घराकडं सुटल्या.

"एवढा दानशूर कर्ण तेलगावच्या बाजारातसुद्धा भेटायचा न्हाई," शिवकन्या पुटपुटली. पोहायचं ती विसरून गेली होती.

"आणि ते बघ," तौसीफनं तिला कोपरानं ढोसलं. "घागर टाकली भंगारात. ताट मात्र गोधडीत गुंडाळलं, नि सीटखाली ठेवलं! भंगाराला गोधडी कोण पांघरतं?"

"ताट जर्मनचं हाय," अभिमन्यू डोळे मोठे करून म्हणाला. "म्हणजे जर्मनीहून आलंय! म्हणून महाग!"

"अरे येड्या, ॲल्युमिनियमच्या भांड्याला सगळे जर्मनच म्हणतात! तुझ्या घरचा चहाचा टोप काय जर्मनीहून आलाय का? नि तू तो रोज कडेनं चाटतोस ते..." समिना सुरू झाली.

"चूप! दोघं चूप!" शिवकन्या दबक्या आवाजात म्हणाली. "ह्या बंकटकाकाचं काहीतरी लफडं हाय. पाळत ठेवायची!"

झालं! पोहणं राहिलं बाजूला. टेम्पो पुढं आणि चौघं मागं, अशी वरात निघाली. बंकट प्रत्येक दारात एकच प्रश्न विचारत होता, "जुनं जर्मनचं ताट हाय का? बुडावर ठिपके असलेलं?" बादली नको, तवा नको, नुसतं ताट! टेम्पो चिंचेखाली थांबला, तेव्हा अभिमन्यू "चेंडू गेला, चेंडू गेला!" करत खाली शिरला. चेंडू नव्हताच! वर बंकट फोनवर कुणा गिऱ्हाइकाशी बोलत होता. पाच मिनिटांनी अभिमन्यू बाहेर आला तो डोक्याला ऑइल आणि पोटात बातमी घेऊन.

"तो म्हणाला, 'एक भेटलं साहेब. तुमी सांगितलेल्या तिनांतली दोन ऱ्हायलीत. मेलेल्या गोऱ्यांची ताटं हायत, म्हणून तर भाव हाय! आता तर गाव पाटीच बसवायलंय. पाटीचा फोटो धाडतो तुमाला.'"

"मेलेल्या गोऱ्यांची?" समिनाच्या अंगावर काटा आला. एकदाचं तिचं तोंड बंद झालं.

"पाटी म्हणजे आबांची पाटी," शिवकन्या म्हणाली. "माळावरची. चला!"

माळावर आबांनी दगडी पाटी उभारली होती. रविवारी संध्याकाळी पाच वाजता तिचं अनावरण. म्हणजे परवाच! पाटीवर पांढरं कापड बांधलेलं. महायुद्धाच्या काळात ह्या माळावर इंग्रजांचं विमान पडलं होतं, एवढं गावात लहान पोरालाही ठाऊक होतं. गुराख्यांना अजूनही पत्र्याचा एखादा तुकडा सापडायचा. पण पाटीवर काय लिहिलंय, ते आबांनी घरीसुद्धा सांगितलं नव्हतं.

शिवकन्येनं इकडं तिकडं बघितलं आणि कापड उचललं. समिनानं मोठ्यानं वाचलं.

"'दिनांक २ सप्टेंबर १९४४ रोजी या माळावर इंग्रजांचे बॉम्बफेकी विमान कोसळले. हवाई छत्र्यांनी उतरलेल्या तिन्ही वैमानिकांना नदीपल्याडच्या लुटारूंनी ठार केले.'"

तौसीफच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला.

"काय झालं रे?" शिवकन्येनं विचारलं.

"नदीपल्याड तवा एकच घर होतं," तो म्हणाला. "आमचं."

 नदीपल्याडच्या नबी कलईवाल्याबद्दल गावात कुजबुज होती. पारावर कुणीतरी डोळा मारून म्हणायचंच, "गोऱ्यांचं सोनं गेलं कुठं, ते नबीला इचारा!" नबी जाऊन पंच्याहत्तर वर्षं झाली, तरी कुजबुज गेली नव्हती. पण कुजबुज वेगळी आणि दगडात कोरलेलं वेगळं. नबीची मुलगी आमिनाबी अजून हयात होती. ती तौसीफची दादी आणि समिनाची नानी.

"आबांनी असं कावून लिवलं?" अभिमन्यूनं ताईकडं बघितलं. शिवकन्या पाटीकडं बघत राहिली. तिला आबांचा भयंकर राग आला होता, आणि तौसीफकडं बघायची लाजही वाटत होती.

मे महिन्यात नदी म्हणजे नुसती वाळू आणि गोटे. चौघं पळतच ओलांडून पलीकडं गेली. तौसीफ सगळ्यांत पुढं. तो दारातून आत घुसला आणि थबकला. दादी ज्वारीच्या कोठीत हात घालून घाईघाईनं काहीतरी खाली दाबत होती!

"दादी! काय लपवायलीस?"

"कुटं काय?" आमिनाबी दचकली. ऐंशीच्या पुढचं वय, पण नजर घारीची. "तो भांडीवाला आलता दारात. ताट मागत होता. मी म्हनलं, न्हाई माझ्याकडं."

तौसीफनं कोठीत हात घातला. ज्वारीतून ताट वर आलं. काळं, पोचे पडलेलं, बुडावर बारीक बारीक ठिपके असलेलं!

त्यानं ताट दोन्ही हातांत फिरवून बघितलं. आपला पणजोबा खरंच... छे! पण मग हे ताट इथं कसं? आणि सांगू नये ते त्याच्या तोंडून निघून गेलं. "दादी, काही केलंच न्हवतं, तर लपवलं कावून?"

आमिनाबीनं त्याच्याकडं बघितलं. रागावली असती तर बरं वाटलं असतं. ती नुसती पदरानं ताट पुसत बसली. समिनानं तौसीफला असा चिमटा काढला की तो कळवळला.

"नानी, सांग ना," समिना तिच्याजवळ बसली आणि पाटीवर काय लिहिलंय ते तिनं सगळं सांगून टाकलं. "आम्हाला खरं काय ते ऐकायचंय. कुणी काहीपण म्हणू दे."

"मी तवा आईच्या पोटात होते," आमिनाबी हळूहळू बोलू लागली. "विमान जळालं, त्याचे पत्रे नदीच्या ह्या बाजूला पन उडाले. तीन साहेब छत्रीनं उतरले, आमच्याच रानात. एकाचा पाय मोडलेला. नदीला हा एवढा पूर! पंधरा-वीस दिवस ह्या घरात ऱ्हायले. आई भाकरी थापायची, बाप पायाला फळ्या बांधायचा. विमान पडलं, त्याच्यानंतर दुसऱ्या जुम्म्याला मी जन्मले. पूर वसरला तसं बापानं साहेबांना बैलगाडीत घालून परळीच्या रेल्वेला पोचवलं. ताटं तीन होती, विमानाच्या पत्र्याची. बाप भ्यायचा, पत्रा सरकारी, कुनी इचारलं तर? म्हनून दाखवू नका म्हनायचा. मी पाच वर्षांची असताना बाप गेला. मग आईनं गावात खरं सांगून बघितलं, तर लोक हसले. म्हनले, गोरे जिते असते तर कुनाला दिसले असते की!"

"आणि बाकीची दोन ताटं?"

"आई गेली तवा कुनी नेली, कुनी दिली, काय ठावं? मी एकच धरून ठेवलं." तिनं ताट मांडीवर उलटं ठेवलं. "बेटा, लोक पारावर बोलतात, ते मी जन्मभर ऐकलं. पन दगडावर लिवलं, तर मी मेल्यावर बी ते तसंच ऱ्हाईल. माझा बाप लुटारू न्हवता रे!"

तिचे डोळे भरून आले. तौसीफला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपण आत जावं. "दादी, चुकलो मी," तो कसाबसा म्हणाला. आमिनाबीनं त्याच्या डोक्यावर एक टपली मारली. तीच माफी.

इकडं समिनाचं बोट ताटाच्या बुडावरून फिरत होतं. फिरता फिरता ते थांबलं.

"अरे! हे ठिपके न्हाईत! अक्षरं हायत! उर्दू!"

"काय?" तिघंही एकदम ओरडली.

खरंच! नबी कलईही करायचा आणि भांड्यांवर नावंही घालायचा. टोकदार खिळा ठेवायचा, वर हातोडी मारायची, ठिपक्याला ठिपका जोडायचा. निजामाच्या राजवटीत तो शिकला होता उर्दू. आमिनाबी शाळेची पायरी चढली नव्हती. इरशाद, तौसीफ मराठी शाळेत शिकलेले. घरात ताट होतं आणि वाचणारं माणूसच नव्हतं! पण काजळीचा थर एवढा जाड, की डोळ्यांनी काही वाचता येईना. समिना डोळे मिटून बोटानं चाचपू लागली.

"...'की तरफ़ से'. म्हणजे, 'कडून'! कुणाकडून तरी हाय हे ताट! पुढचं लागत न्हाई. घासायला पायजे. चिंच नि राख!"

"चिंच आमच्या घरी, लई!" शिवकन्या उठली. "चला सगळे! समिना, तू पण चल. आबांचा तो जुना कागद पण बघून येऊ, ज्याच्यावरून त्यांनी पाटी लिवली!"

इथंच चुकलं. एकानं तरी ताटाजवळ बसायला हवं होतं. तासाभरानं ओंजळभर चिंच घेऊन चौघं परत आली, तर दादी नमाज पढून उठत होती आणि इरशाद दारात एक मिक्सर न्याहाळत उभा होता.

"बघा, नवाकोरा! त्या बंकटनं दिला. एका फुटक्या ताटावर! येडाच हाय बिचारा!"

"अब्बा!" तौसीफ किंचाळला. आमिनाबी जिथं होती तिथंच मटकन बसली. काय झालं ते इरशादला कळलं, तेव्हा त्याच्या हातातला मिक्सर पडता पडता वाचला. तो मोटारसायकल काढून धावला. दिंद्रुडच्या रस्त्याला त्यानं टेम्पो गाठला. पण बंकट गोड हसला. "ते ताट? ते गेलं की भाऊ भट्टीवाल्याच्या गाडीत! आता त्याचा रसच झाला म्हना ना!"

"खोटारडा!" शिवकन्येनं मूठ आवळली. "गोधडी भट्टीसाठी पांघरतात व्हय?"

ती तडक आबांकडं गेली. आबा झोपाळ्यावर बसून रविवारचं भाषण पाठ करत होते. सगळं ऐकून ते हसले.

"अगं, बंकट आपला पाव्हणा हाय रविवारचा! त्या साहेबांची सगळी हकीकत त्यानंच मला समजावली. लई अभ्यासू माणूस! नि आपल्या खापरपणजोबांचा कागद हाय माझ्याकडं. ते पोलीस पाटील होते त्या वेळी. पाटलाचा कागद खोटा असतो व्हय? जा, खेळा!"

शिवकन्या परत फिरली, पण तो कागद तिनं चिंच आणतानाच वाचला होता. त्यातला एक शब्द तिच्या डोक्यात रुतून बसला होता. तो शब्द तिनं रविवारपर्यंत जपून ठेवायचं ठरवलं.

शनिवारी सकाळी गॅरेजच्या मागं गुप्त बैठक भरली.

"ताट त्याच्या सीटखालीच हाय," तौसीफ म्हणाला. "पण कुलूप हाय. आपण कुलूप तोडलं, तर चोर आपणच ठरू."

"त्यानंच सगळ्यांसमोर काढलं पायजे," शिवकन्या म्हणाली. "स्वतःच्या हातानं."

"तो कावून काढील?" समिना म्हणाली.

अभिमन्यू भेळ खात होता. तो सहज बोलून गेला. "आमच्या वर्गात बारक्या हाय ना, त्याला कुणी म्हनलं की माझा भोवरा तुझ्यापेक्षा भारी, की तो लगेच खिशातून त्याचा काढून दाखवतो."

तिघं त्याच्याकडं बघतच राहिली.

"अभ्या!" शिवकन्येनं त्याचा गालगुच्चा घेतला. "तुला उद्या दोन भेळी!"

तौसीफनं घरातून एक जुनं जर्मनचं ताट आणलं. दादीच्या पेटीतून पणजोबांचा नाव घालायचा खिळा आणि छोटी हातोडी निघाली. ठक् ठक् ठक्! समिनानं इंग्रजी अक्षरं आखून दिली. तौसीफनं त्यावर ठिपके मारले. दोनदा बोटावरही मारले!

"साहेबाचं नाव काय टाकायचं?"

"सर अभिमन्यू!" अभिमन्यू म्हणाला.

"गप बे!"

शेवटी कुठलीही सात अक्षरं टाकली, चुलीत ताट काळं केलं, आणि ते इतकं गबाळं दिसू लागलं की चौघांनाही हसू आवरेना.

रविवार उजाडला. माळावर मांडव, खुर्च्या, गार पाणी, आणि पाचला सगळं गाव हजर! बंकट पांढराशुभ्र शर्ट घालून आबांच्या शेजारी. त्याचा टेम्पो मांडवाच्या कडेलाच लावलेला. आमिनाबी येणार नव्हती, पण इरशादनं तिला हाताला धरून आणलं. ती शेवटच्या रांगेत, पदर कपाळापर्यंत ओढून बसली. दोघातिघांनी मान वळवून तिच्याकडं बघितलं आणि कुजबुज सुरू झाली.

आबांनी दोरीला हात घातला. तेवढ्यात शिवकन्या उठली. हातात काळं ताट!

"आबा, थांबा! आम्हाला पण विमानाचं ताट भेटलंय! लई भारी हाय! बंकटकाकांना एकपण भेटलं न्हाई म्हणे!"

लोक माना उंचावू लागले. बंकटनं ताट हातात घेतलं, बुड बघितलं आणि खो खो हसला.

"हे? हे कालचं हाय पोरी! ही काय अक्षरं हायत? ठिपके असे बोटभर लांब असतात व्हय?"

"तुमाला काय माहीत? तुमी अस्सल ताट कुठं बघितलंय?" समिनानं तोंड सोडलं. "हेच अस्सल! तुमाला पारखच न्हाई! अभ्यासू म्हणे!"

लोक हसले. बंकटचा चेहरा लाल झाला. अभ्यासू माणसाला गावासमोर पारख नाही म्हणायचं? तो तरातरा टेम्पोकडं गेला, कुलूप काढलं, गोधडी उलगडली आणि दोन ताटं घेऊन आला. चिंचेनं घासून लख्ख केलेली!

"ह्याला म्हणतात अस्सल! बघा ठिपके! एकेक मोत्यासारखा!"

"भट्टीत रस झाला होता ना त्याचा?" इरशाद मागून गरजला. "ते उजव्या हातातलं ताट माझ्या आईचं हाय!"

बंकट आवाजाकडं वळला. शिवकन्येनं दोन्ही ताटं त्याच्या हातातून अलगद काढून समिनाला दिली. "वाच समिना. मोठ्यानं!"

समिनानं आधी नानीचं ताट वर धरलं. "खाली इंग्रजीत सही कोरलीय, वेड्यावाकड्या अक्षरात. 'हॅरी पाइक.' वर उर्दूत लिवलंय..." तिनं थेट मराठीतच सांगितलं. "'नबीची मुलगी आमिना हिला, छठीच्या दिवशी, हॅरी पाइक साहेबांकडून. २० सप्टेंबर १९४४.' दुसऱ्या ताटावर पण तेच. फक्त नाव, 'टॉम वेल्बी साहेबांकडून'."

 छठीला, म्हणजे जन्मानंतरच्या सहाव्या दिवशी, बाळाला आलेल्या भेटीवर देणाऱ्याचं नाव घालायचं, ही रीत तिथल्या प्रत्येक घराला ठाऊक होती. प्रत्येकाच्या मांडणीवर असा एखादा गडू, एखादी वाटी होतीच.

"म्हणजे ताटं साहेबांचीच भेट," तौसीफ म्हणाला.  "त्यांच्याकडं द्यायला दुसरं काही न्हवतं. विमानाचा पत्रा तेवढा होता. पणजोबांनी चोरला न्हाई. त्यांनी नुसता ठोकून दिला आणि नावं घातली."

"विमान पडलं दोन तारखेला," अभिमन्यू बोटं मोजत मोठ्यानं म्हणाला. "छठी वीस तारखेला. मेलेली माणसं छठीला आहेर करतात व्हय?"

 धोंडीराम पाटील उठले. ह्याच धोंडीरामांनी पारावर बसून नबीच्या सोन्याच्या गोष्टी रंगवून सांगितल्या होत्या. ते नुसते टोपी हातात घेऊन उभे राहिले.

"पण पाटलाचा कागद..." आबा चाचरले.

"आबा, मी वाचला तो," शिवकन्या म्हणाली.  आबांना भर सभेत उलट बोलायचं म्हणजे काय! पण ती थांबली नाही. "त्यात लिवलंय, 'नदीस पूर असल्याने पलीकडे जाता आले नाही. बहुधा लुटारूंनी मारले असावे.' बहुधा! पाटील नदी ओलांडून गेलेच न्हाईत. आणि तुमी पाटीवर 'बहुधा' पण ठेवलं न्हाई!"

आबांनी खिशातून कागद काढला. चष्मा लावला. वाचला. पुन्हा वाचला. मग बंकटकडं वळले. "तू म्हणालास, की असलं 'बहुधा' पाटीवर शोभत न्हाई! कावून रे?"

"मेलेल्या साहेबांच्या ताटांना भाव येतो म्हणून!" अभिमन्यू ओरडला. "मी टेम्पोखाली ऐकलंय! डोक्याला ऑइल लागलं ते अजून निघालं न्हाई!"

बंकट टेम्पोकडं सरकू लागला. पण टेम्पोपुढं वत्सलाबाई कुकर घेऊन उभ्या होत्या. "घे तुझा कुकर! नि गावाचं ताट गावाला ठेव! तुळजाबाईची घागर पण उतरव!" इरशादनं मिक्सर परत सीटवर आदळला. बंकटनं सगळ्यांसमोर कान पकडले आणि टेम्पो असा पिटाळला की कर्णा रस्ताभर आपोआप वाजत गेला!

आबा मात्र खुर्चीत बसून राहिले होते. ते अचानक उठले आणि घराकडं चालू लागले.

"रागावले का ग?" तौसीफनं हळूच विचारलं.

"माहीत न्हाई," शिवकन्या म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

पंधरा मिनिटांनी आबा परत आले. सदरा भिजलेला, हाताला राख, आणि हातात एक ओलं ताट! ते सरळ शेवटच्या रांगेपर्यंत गेले आणि आमिनाबीसमोर उभे राहिले.

"आमिनाबी, तिसरं ताट," ते म्हणाले. "आमच्या खुराड्यात होतं. लहानपणापासून बघतो, कोंबड्या पाणी पितात त्यात. उलटं करून कधी बघितलं न्हाई."

समिनानं वाचलं. "'नबीची मुलगी आमिना हिला, डेरेक कोल साहेबांकडून.' आणि इंग्रजीत पण काहीतरी हाय! 'माझा पाय आता चालतो.'"

आमिनाबीनं तिन्ही ताटं मांडीवर घेतली. एकावर एक ठेवली, परत वेगळी केली. "तिन्ही आली," ती एवढंच म्हणाली आणि लहान मुलीसारखी रडली. आबांनी हात जोडले. "माझं चुकलं. पाटी फोडतो. नवीन पाटी ही पोरंच लिहितील. ह्यांच्याएवढी अक्कल आमा मोठ्यांना असती तर!" मग त्यांनी शिवकन्येच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. सगळ्या मांडवानं टाळ्या वाजवल्या. धोंडीराम पाटलांनी सगळ्यांत जोरात!

"अजून एक," आबा म्हणाले. "छठीला गावानं काही दिलं न्हवतं तुला. उशीर झाला, पण देतो." त्यांनी वत्सलाबाईंकडून भांड्यांच्या खोलीतलं एक कोरं ताट मागवलं आणि तौसीफपुढं ठेवलं. "घाल नाव. खिळा हाय ना?"

खिळा खिशातच होता. सगळा गाव भोवती गोळा झाला. तौसीफनं जीभ बाहेर काढून, एकेक ठिपका मोजून नाव घातलं. ठक् ठक् ठक्! "आमिनाबी नबी यांना, हिवरटाकळी गावाकडून."

आमिनाबीनं ताट डोळ्यांजवळ नेलं, उन्हात धरलं, अक्षरांवरून बोट फिरवलं. एका हातानं डोळे पुसत ती म्हणाली, "अक्षर माझ्या बापाचं लई चांगलं होतं रे. शीक जरा!"

"शिकतो दादी," तौसीफ म्हणाला, आणि ठेचलेलं बोट त्यानं तोंडात घातलं.

"माझ्या दोन भेळींचं काय?" अभिमन्यूनं विचारलं.